तात्यांची मिशी

हसू नका, असं आधीच सांगून ठेवतो. तरी हसणारच तुम्ही. आमच्या येडगावात अजून हसतात.

घरात आम्ही दोघंच, मी आणि तात्या. तात्या म्हणजे माझे वडील, पंचाहत्तरी ओलांडलेले. म्हातारपण त्यांना इतकं मानवलंय की विचारू नका! एसटीच्या फुकट प्रवासाचं कार्ड मिळालं, तर नुसता चहा प्यायला आळेफाट्याला जाऊन यायचे. म्हणायचे, "आत्ता कुठं बरं चाललंय. कसली घाई न्हाई."

घाई मला होती. शेतकऱ्याच्या पोराला मुलगी मिळणं किती अवघड झालंय, तुम्हाला ठाऊकच आहे. शेवटी मामांनी पिंपरी पेंढारचं एक स्थळ आणलं आणि मला बाजूला घेतलं.

"मुलीकडचे इचारत्यात, म्हाताऱ्याची उस्तवार कुणी करायची?"

झालं! मुलगी बघायला जायच्या आदल्या दिवशी मी तात्यांना दाढीला सलूनमध्ये नेलं. खुर्चीत टेकले की त्यांचा डोळा लागतो. बोलायची मला लाज, म्हणून मी कलपाच्या डबीकडे नुसतं बोट दाखवलं. अर्ध्या तासात केस काळे, मिशी काळी! तात्यांना पत्ता नाही. त्यांचा चष्मा मी माझ्या खिशातून काढलाच नाही.

दुसऱ्या दिवशी एसटीत कंडक्टरनं कार्ड पाहिलं, मग तात्यांना पाहिलं.

"हे तुमच्या वडलांचं कार्ड दिसतंय, भाऊ."

"आरं, मीच हाय त्यो!"

"फोटोतली मिशी पांढरी हाय. तुमची तर काळीकुळकुळीत!"

तात्या माझ्याकडे वळले. मी खिडकीबाहेर ऊस बघायला लागलो.

"चष्मा दे," ते म्हणाले. मी दिला.

शेजारच्या बाईंनी मोबाइलचा कॅमेरा उलटा करून त्यांच्यापुढे धरला. तात्या बराच वेळ बघत राहिले.

"ही पांढरी व्हायला पंचाहत्तर वरसं लागली. तू एका दाढीत घालवलीस. पयलं हे काढ."

आळेफाट्याला उतरलो आणि दिसेल त्या सलूनमध्ये शिरलो. तात्या टेकले. रागातसुद्धा डोळा लागला! मी न्हाव्याला हळूच म्हणालो, "काळं तेवढं काढा."

त्यानं काळं तेवढं काढलं. आता तुम्हीच सांगा, काळं नव्हतं काय?

तासाभरानं आम्ही मुलीच्या दारात. तात्यांच्या डोक्याचा गोटा, मिशी साफ. आमच्याकडे असं रूप कधी होतं, सांगायला हवं का? घरात मयत झाल्यावर! मुलीच्या वडलांनी हातातला तांब्या खाली ठेवला.

"पावणं... कोण गेलं?"

मी चपला काढायला खाली वाकलो. तात्या मात्र ऐसपैस बसले.

"माझी जवानी गेली. तिला जाऊन लई वरसं झाली, मी सुखात व्हतो. ह्यानं काल तिला धरून आणली, आज परत पोचवून आलो."

आणि सगळी हकीकत सांगितली! ओसरीवर हसू फुटलं, आतून बायकाही हसल्या. तात्या म्हणाले, "माझी उस्तवार नको, राव. मला सकाळचा च्या आन् एसटीतली खिडकी पुरती."

आठवडाभर मी निरोपाची वाट पाहिली. मग मामा आले.

"मुलीला सासरा पसंत हाय," ते म्हणाले. "पोराचं इचार करून कळवते म्हणाली."