माहीत नाही

आमची मावशी एका सर्वेक्षणाच्या ऑफिससाठी घरोघरी जाऊन लोकांची मतं गोळा करायची. हातात फॉर्मांचा गठ्ठा आणि तोंडाचा पट्टा सतत चालू. तिला गप्प बसवणं देवालाही जमलं नसतं.

त्या वर्षी फॉर्मवर प्रश्न होता, 'नवा वीजमीटर घरातलं बोलणं ऐकतो, अशी भीती तुम्हाला वाटते का?' ते मीटर बसवायचं काम काकांकडेच, म्हणजे मावशीच्या नवऱ्याकडे होतं. काका पोट धरून हसले. "अगं, त्याला कान कुठले? तो फक्त युनिटं मोजतो."

लोकांच्या तर हे डोक्यातही नव्हतं. "माहीत नाही," म्हणायचे. आणि 'माहीत नाही'वर जास्त खुणा दिसल्या की ऑफिस अख्खा गठ्ठा परत पाठवायचं. पुन्हा तेच जिने चढा! मावशीचे गुडघे दुखायचे. मग ती प्रश्न समजावून सांगायला लागली. तिसऱ्या मजल्यावरच्या शिवणकामवालीला म्हणाली, "समजा, तू नवऱ्याशी भांडलीस आणि ते कुणीतरी ऐकलं, तर?" बाईचं मशीन थांबलं. "मग वाटेल की भीती." मावशीने 'हो'वर खूण केली. असे तिने साडेचारशे फॉर्म भरले. मला आजही तिचा राग येतो आणि कीवही येते, कारण तिच्या मनात पाप नव्हतं.

महिन्याभराने चौकातल्या सभेत एका पुढाऱ्याने त्या फॉर्मांवरून काढलेला आकडा वाचला. दहातले सात जण घाबरलेत! पराचा कावळा झाला, आणि पर मावशीनेच पुरवला होता. लोक मीटरवर उशा बांधायला लागले, स्वतःच्याच घरात कुजबुजायला लागले. मग कुणीतरी विचारलं, मीटर ऐकतो, तर तो बसवणारा कोणाचा माणूस?

"अहो, आज नका जाऊ," मावशी म्हणाली.

"आपलीच माणसं आहेत," म्हणत काका पिशवी घेऊन निघाले.

दुपारी निरोप आला. मावशी धावत गेली. शिवणकामवालीच्या इमारतीच्या जिन्यात काका बसले होते. कपाळ फुटलेलं, हत्यारं पायऱ्यांवर विखुरलेली. भोवती माणसं उभी होती.

"मीटर काही ऐकत नाही हो! मी सांगते ना!" मावशी ओरडली.

शिवणकामवाली पुढे आली. "ताई, मग तेव्हा खोटं बोलत होतात की आता?"

मावशी खाली बसली आणि पदराने काकांचं कपाळ पुसायला लागली. खाली कुणीतरी जिन्याचं दार आतून लावून घेतलं.