आबांचे पाय फादर धुणार म्हणे

आबांचा फोन आला तेव्हा मी भाकऱ्या थापत होते. पिठाच्याच हातानं स्पीकर लावला. आबा फोनवर बोलत नाहीत, ओरडतात. लोणावळ्याहून वराळ्यापर्यंत आवाज स्वतःच्याच ताकदीनं पोचवायचाय असं त्यांना वाटतं.

"ऐक गं. गुरुवारी फादर माजं पाय धुनार हायेत."

"कोण? कुणाचे?"

"माजं! पाय! चर्चमदी. बारा जनांचं धुत्यात, त्यात औंदा म्या येक."

तव्यावरची भाकरी करपली ती करपलीच. मी म्हटलं, "आबा, तुम्ही काय कबूल करून बसलात?" तर म्हणाले, "पायच धुनार हायेत, मुंडकं न्हाई मागितलं," आणि फोन ठेवून दिला.

मला घरात संशयी म्हणतात. नवरा तर म्हणतो, तू चुकून बायको झालीस, व्हायची होतीस फौजदार. म्हणू देत. आमच्या वराळ्यात दर थोड्या दिवसांनी नवी इमारत उभी राहते, आणि ज्या घराच्या जमिनीवर ती उभी राहते त्या घरातला माणूस तिच्याच गेटवर वॉचमन होतो. हे येता-जाता बघणाऱ्या बाईनं संशय नाही घ्यायचा, तर काय आरती ओवाळायची?

माझं माहेर आंदर मावळात. आईच्या आजारपणात वरची जमीन गेली. राहिलं ते खाली ओढ्याकाठचं भाताचं एक खाचर, आबांच्या नावावर. त्याचे बांध आईनं आणि त्यांनी मिळून घातलेले. आई गेल्यावर आबांना रिकाम्या घरात बसवेना. लोणावळ्यात फादर लोकांचं एक जुनं घर आहे. बाहेरगावचे फादर आणि सिस्टर तिथं चार दिवस न बोलता राहायला, प्रार्थना करायला येतात. आबा तिथं माळी म्हणून लागले. राहायला खोली, जेवण तिथलंच. रविवारी गावी जायचं, घर झाडायचं, खाचराला चक्कर मारायची. लावणीला आणि कापणीला मात्र हक्कानं सुट्टी घ्यायची. भाऊ माझ्याहून धाकटा. बायको-पोरं घेऊन देहूरोडला भाड्यानं राहतो, एका गोडाऊनवर सुपरवायझर आहे. त्याला चिखलाचं वावडं.

इतकी वर्षं आबा तिथं होते, माझी काही तक्रार नव्हती. पण पाय धुणं? आमच्यात पाय कुणाचे धुतात? लग्नात जावयाचे, नाहीतर गुरूचे. ज्याच्याकडून काही हवं असतं किंवा ज्याच्यापुढं वाकून राहायचं असतं, त्याचे. मोठा माणूस माळ्याचे पाय धुवायला बसला, तर कुठंतरी पाणी मुरतंय, हे समजायला फार अक्कल लागत नाही. जमिनीचे एजंट तरी दुसरं काय करतात? पांढऱ्या गाडीतून उतरतात आणि पहिलं म्हाताऱ्याच्या पाया पडतात. आमच्या चुलत्याच्या असेच पडले. चुलता खूश, म्हणे काय संस्कारी पोरगं! आता चुलत्याच्या शेतात कुणाचा तरी पोहण्याचा तलाव आहे.

म्हणजे फादर लोकांना एकतर आबा हवे होते, नाहीतर आबांचं खाचर. रात्रभर हाच किडा डोक्यात वळवळत राहिला. आबा धर्मबिर्म बदलून बसले तर? भावकीतलं कुणी फोटो काढून ग्रुपवर टाकला तर? उद्या काही बरंवाईट झालं, तर खांदा द्यायला कोण येणार? सकाळी उठून भावाला फोन लावला.

"जाऊ दे गं ताई, म्हाताऱ्याची हौस," तो म्हणाला.

"हौस कसली? त्यांच्याकडून कुठं सही घेतील. तुझं लक्ष आहे का?"

"सहीचं मी बघतो. तू टेन्शन घेऊ नको."

मला बरं वाटलं. चला, म्हटलं, घरात एकाला तरी काळजी आहे.

गुरुवारी दुपारची लोकल धरून लोणावळ्याला उतरले. आबा त्यांच्या खोलीत नव्हते. शोधत मागच्या नळावर गेले तर हे बसलेत उकिडवे, आणि वजरीनं टाचा घासतायत. अशा घासतायत की कातडं निघायचं बाकी.

"आबा! ते धुणार आहेत ना? मग तुम्ही कशाला धुताय?"

"मंग काय मातीचं पाय म्होरं करू? काई लाज हाय का न्हाई?"

आबांचा उजवा पाय वाईट आहे. जवानीत बैलानं तुडवलेला, अंगठा आणि शेजारचं बोट एकमेकांवर चढलेलं. तो पाय ते कुणाला दिसू देत नाहीत. माझ्या लग्नातल्या फोटोत सगळे खुर्च्यांवर पाय सोडून बसलेत आणि आबा एक पाय मागं दडवून. मीच तो पाय नीट बघितला त्याला किती वर्षं झाली कुणास ठाऊक.

मी शेजारच्या दगडावर बसले आणि उलटतपासणी सुरू केली. "तुम्हाला त्यांनी काही विचारलं का? खरं सांगा."

"ईचारलं की."

मी आणखी जवळ सरकले. "काय विचारलं?"

"गुडगं दुखत्यात का, म्हनं. खुर्ची देऊ का बाकावर बसाल."

"आबा, मी चेष्टा करत नाहीये!"

"म्या बी न्हाई. खुर्ची मागितली म्या."

संध्याकाळी आवारातल्या छोट्या चर्चमध्ये मी शेवटच्या बाकावर बसले. पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतला, कुणी काही प्रसाद-बिसाद दिला तर घ्यायचा नाही असं मनाशी ठरवलं. पुढं बारा खुर्च्या. स्वयंपाकी, ड्रायव्हर, एक म्हातारी सिस्टर, गावातली काही ख्रिस्ती माणसं, आणि शेवटच्या खुर्चीत इस्त्रीचा सदरा, टोपी घालून आमचे आबा. फादर चाळिशीचा, वसईकडचा. मराठी चांगली, फक्त हेल वेगळा. त्यानं आधी गोष्ट सांगितली. मी ती कधी धड ऐकली नव्हती. येशू म्हणजे क्रूसावरचा, एवढंच मला ठाऊक.

तर येशू आपल्या बारा शिष्यांबरोबर जेवायला बसलेला. शेवटचं जेवण. जेवताजेवता उठला, कमरेला पंचा गुंडाळला, घंगाळात पाणी घेतलं आणि एकेकाचे पाय धुवायला लागला. त्यातला एक मासे पकडणारा गडी, तापट, त्यानं पाय मागं घेतले. तुम्ही गुरू, तुम्ही माझे पाय धुवायचे? मुळीच नाही! मला वाटलं, हा तर आपल्यातलाच दिसतोय. आणि ज्याच्याकडं सगळ्यांच्या पैशांची पिशवी असायची, तो बारातला एक, आधीच वैऱ्यांशी सौदा करून आलेला. येशूला ते ठाऊक होतं. तरी त्याचेही पाय धुतले, आपल्या हातानं त्याला घास दिला. घास खाऊन तो बाहेर पडला, आणि मग लोकांना घेऊन आला. अंधारात धरायचं कुणाला हे कळावं म्हणून त्यानं येशूला जवळ घेऊन मुका घेतला. ती खूण ठरलेली.

बाकीच्या बायका डोळे पुसत होत्या. मला रडूबिडू आलं नाही, मला संताप आला. अहो, ठाऊक होतं ना? मग बखोट धरून बाहेर काढायचा! घास कसला भरवताय? एवढ्या चांगल्या माणसाला एवढंही कळू नये? मी बाकावर बसल्याबसल्या येशूशी भांडत होते, माझंच मला हसू येईल इतकी.

मग फादरनं वरचा झगा काढून ठेवला आणि गुडघ्यांवर बसून पाय धुवायला घेतले. माझी नजर त्याच्या हातांवर. आबांची पाळी आली तसा आबांनी डावा पाय पुढं केला आणि उजवा खुर्चीखाली सारला. डावा धुऊन झाला. फादर हात पुढं करून थांबला. सगळं चर्च थांबलं. आबांनी शेवटी तो पाय बाहेर काढला. फादरनं तो दोन्ही हातांत घेतला, पाणी ओतलं, चढलेल्या बोटांच्या फटीतून टॉवेल फिरवून कोरडा केला आणि वाकून त्याला ओठ लावले. आबा वर छताकडं बघत होते. मला मात्र खाली बघावं लागलं, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते मला त्या लोकांना दाखवायचं नव्हतं.

तरी मी सोडणार थोडीच. कार्यक्रम संपल्यावर फादरला दारातच गाठलं. "एक विचारते, राग मानू नका. तुम्हाला आमच्या वडलांकडून नेमकं काय हवंय?"

त्यानं आधी बाह्या खाली सोडल्या. मग म्हणाला, "दुधी. त्या वेलाला ते दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. स्वयंपाकी माझ्याकडं रडतो. तुमचं ऐकत असतील तर सांगा बाई."

दुधीचं सांगते म्हणाले. मी आबांना घेऊन बागेतल्या बाकावर बसले. म्हटलं, "ठीक आहे, पाय धुतले, झालं. पण कुणी कितीही गोड बोललं तरी कुठं सही करायची नाही."

"फादरला कशाला माजी सही?" आबा चपलेत पाय सारत म्हणाले. "सही तुज्या भावाला पायजे."

"काय?"

"खाचराची. एजंटासंगं सौदा ठरवून बसलाय."

"कोण म्हणालं तुम्हाला?"

"कोन कशाला म्हनाया पायजे? महिनाभर जवा यील तवा पाया पडतोय. लहानपनापासनं कदी पडला न्हाई. दसऱ्याला मान धरून वाकवायचो त्याला. आता दारातनंच वाकत येतोय." आबांनी दुसरी चप्पल ओढून घेतली. "ऐतवारी यनार हाय. घरीच रावा, म्हनलाय."

सहीचं मी बघतो, टेन्शन घेऊ नको! माझ्या अंगाची लाहीलाही झाली. मी जगावर डोळा ठेवून बसले होते, फक्त पाठच्या भावावर ठेवला नव्हता. त्याला आत्ताच्या आत्ता फोन करते, असं म्हणून मी पिशवीत हात घातला, तर आबांनी मनगट धरलं.

"गप बस. ऐतवारी ये, भात टाक. त्येवढंच कर."

"तुम्ही देणार सही?"

आबांनी मनगट सोडलं आणि टोपी नीट केली. हे माझे वडील, ताकास तूर लागू देणार नाहीत.

रविवारी सकाळीच मी गावी पोचले. तीन दिवस मनातल्या मनात भावाला इतकं बोलले होते की घसा बसायचा. भात टाकला, पावट्याची आमटी केली. दुपारी पांढरी गाडी खाली रस्त्यावर येऊन थांबली. भाऊ एकटाच उतरून वर आला. दुसरा माणूस गाडीतच बसून राहिला.

भावानं उंबऱ्यात चपला काढल्या, पेढ्यांचा बॉक्स माझ्या हातात दिला आणि आबांच्या खाटेपाशी जाऊन वाकला. आबांनी दोन्ही पाय उचलून वर मांडी घातली. त्याचे हात हवेतच राहिले.

"पाया पडू नगंस," आबा म्हणाले. "सही मागाया आलायस न्हवं? सही माग."

त्यानं वळून माझ्याकडं बघितलं. मीही डोळे वटारले.

"तिच्याकडं काय बगतोस? हिकडं बग. माग."

मला वाटलं आता हा कानांवर हात ठेवणार, छे छे कसली सही म्हणणार. पण तो सरळ उभा राहिला आणि बोलला. "द्या आबा. भाड्याच्या घरात किती वर्षं काढू? पोरांची शाळा आहे. तुमच्यानं खाचर अजून किती दिवस होणार? माझ्यानं तर होत नाही." बोलताना तो आबांकडंच बघत होता. खोटं बोलायला मला आवडत नाही, त्यामुळं सांगते, त्यात सगळंच काही खोटं नव्हतं.

"झालं मागून?"

"झालं."

"म्या हाय तवर देत न्हाई. आता जेवाया बस."

मी म्हटलं, मी वाढणार नाही. हात लावणार नाही ताटाला. आबा खाटेवरून उठले, लंगडत चुलीपाशी गेले, स्वतःच्या हातानं भात वाढला, वर आमटी घातली आणि ताट त्याच्यापुढं ठेवलं. तो बसला. एक घास घेतला, दुसरा कालवला. तेवढ्यात खालून हॉर्न वाजला. तो थांबला. पुन्हा वाजला, लांबलचक.

"जेवून जा," आबा म्हणाले.

तो तसाच उष्ट्या हातानं उठला आणि चपला घालून निघाला. मी दारापर्यंत धावले, तोंडाशी आलेलं सगळं ओरडून सांगणार होते, पण आबांनी मागून "ए!" म्हणून दरडावलं. गाडी वळली आणि डांबरीकडं निघून गेली.

मी ताट उचललं.

"कुटं न्हेतीस?"

"कुत्र्याला घालते."

"झाकून ठिव."

"आबा, गेला तो! फादरच्या गोष्टीतला आला होता का परत जेवायला?"

आबा खाटेवर बसले. उजवा पाय त्यांनी खाली सोडला होता. नजर उघड्या दाराकडं.

"न्हाई आला," ते म्हणाले. "तू झाकून ठिव."

मी त्या ताटावर दुसरं ताट पालथं घातलं.