क्रीममास्तरांचं लिव्हर

बेकरीत सगळे त्यांना क्रीममास्तर म्हणत. केकवर चढणारं क्रीम, मधे भरायचा जॅम, वरून ओतायचा पाक, यातलं काहीही मास्तरांच्या जिभेवरून गेल्याशिवाय पुढच्या टेबलावर सरकत नसे. लोणी बदलायचं म्हटलं तर मालकसुद्धा आधी त्यांच्या तोंडाकडे बघत. पन्नाशी आली तरी मास्तरांनी सिगारेट ओढली नव्हती की दारूचा थेंब घेतला नव्हता. म्हणून विम्याच्या तपासणीत लिव्हर सुजलं की रक्तात वाढतो तो एसजीपीटीचा आकडा दुपटीवर निघाला आणि सोनोग्राफीत लिव्हरवर चरबी दिसली, तेव्हा त्यांची खात्री झाली की रिपोर्टांची अदलाबदल झाली असणार.

घरी कुणाला तसं वाटलं नाही. मास्तरीणबाईंचे वडील दारूपायी लिव्हर खराब होऊन गेले होते. लिव्हर हा शब्द त्यांनी लहानपणी ऐकला तो तेव्हाच. रिपोर्ट पाहून त्या फक्त ‘बरं’ म्हणाल्या. त्या दिवसापासून मात्र नवरा घरात शिरला की त्या काहीतरी निमित्त काढून त्याच्या तोंडाजवळ यायला लागल्या. कधी कॉलर नीट करायची, कधी कपाळाला हात लावायचा.

“अगं, वास घेतेस का माझा?”

“मी कशाला घेऊ? ताप आहे का बघत होते.”

त्यांच्या भावाला एवढाही आडपडदा नव्हता. “दाजी, उगाच नाही हो लिव्हर सुजत. एकदा सांगून टाका. आम्ही काय परके?”

मेहुण्याचं बोलणं मास्तर हसण्यावारी नेत. बायकोची पाळत मात्र त्यांना रिपोर्टपेक्षा जास्त लागली.

डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून समजावलं. दारूला न शिवणाऱ्यांच्या लिव्हरवरही चरबी साठते. वजन हळूहळू उतरवायचं, रोज भरभर चालायचं, गोड आणि तळलेलं बंद. लिव्हर साफ करतो म्हणून कुणी काढा-चूर्ण दिलं तर घ्यायचं नाही. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासू.

मास्तरीणबाईंनी शब्द न् शब्द पाळला. साखरेचा डबा शेजारी गेला. तेल चमच्याने मोजून पडू लागलं. मुलगी दोन आठवड्यांत वैतागली.

“आई, लिव्हर बाबांचं आहे. शिक्षा सगळ्यांना का?”

“घरात चूल एकच पेटते. गप जेव.”

मास्तर मुकाट्याने जेवत. चहा बिनसाखरेचा घेत आणि उजाडताच मैदानाला फेऱ्या मारत. तीन महिन्यांनी वजन जेमतेम किलोभर उतरलं होतं आणि एसजीपीटी आणखी थोडं चढलं होतं.

“बाहेर काही खाता?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“घरचा डबा. दुसरं काही नाही.”

“पिता?”

“पाणी.”

मास्तर खरं बोलत होते, निदान त्यांच्या मते. दवाखान्यातून निघाल्यावर मास्तरीणबाई चार पावलं पुढेच चालत राहिल्या. घराच्या जिन्यात मात्र थांबल्या.

“आईनं आयुष्यभर ज्यावर पांघरूण घातलं, त्यावर मी घालणार नाही. पीत असाल तर आत्ताच सांगा. मला दुसरीकडून कळलं, तर मुलीला घेऊन मी भावाकडे जाईन.”

नसलेली गोष्ट मास्तरांनी कबूल तरी कशी करायची?

दुसऱ्या दिवशी दुपारी, कुणाला न सांगता, त्या बेकरीत जाऊन उभ्या राहिल्या. दारात भट्टीवाल्या काकू केक भाजायचे पत्रे घासत होत्या. बाईंनी थेट विचारलं, “आमचे हे इथं पितात का?”

“मास्तर?” काकूंना हसू आवरेना. “अहो, त्यांना पाणी प्यायची फुरसत नाही. या, स्वतःच बघा.”

क्रीमच्या थंड खोलीला काचेची खिडकी होती. आत मास्तरांनी पातेल्यात चमचा बुडवला, तोंडात घातला, डोळे मिटले आणि क्रीम गिळलं. साखर टाकली, पुन्हा चमचा. मग जॅम, मग पाक. पाकाचा तर त्यांनी बोटानेही अंदाज घेतला.

बाई दार ढकलून आत शिरल्या. “हे काय चाललंय?”

“तू? इथं? काम चाललंय.”

“खाताय तुम्ही!”

“खातोय कुठे? चाखतोय.”

यात मास्तरांची लबाडी नव्हती. त्या धंद्यात चोरून खाणाऱ्याला हाकलत आणि चाखणाऱ्याला मान देत. इतक्या वर्षांत ही दोन्ही कामं एकाच तोंडाने होतात, हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

बाईंनी एक रिकामी वाटी मागून घेतली. “आता जेवढं चाखाल, तेवढंच आधी या वाटीत काढायचं.” आणि त्या मैद्याच्या पोत्यावर ठाण मांडून बसल्या. बेकरी बंद व्हायच्या आत वाटी भरली आणि दुसरी आणावी लागली.

बाई त्या दोन वाट्यांकडे बघत बसल्या आणि एकाएकी हसायला लागल्या. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं. “यापेक्षा प्यायला असतात तर स्वस्तात सुटले असते हो मी!”

मास्तरही हसले, पण जरा उशिराने.

पुढचं काम अवघड होतं. चाखून थुंकायचं ठरलं, तर पहिल्याच आठवड्यात क्रीमचा एक घाणा मिट्ट गोड झाला. गोडीचा शेवट घशात कळतो, असं मास्तरांचं म्हणणं. मग काकूंना चाखायला लावलं.

“म्हणजे आता माझं लिव्हर घालवायचं होय?”

शेवटी बेकरीत काम करणाऱ्या पाचही जणांत चाखण्याची वाटणी झाली. दर घाण्याला एकाच माणसाने, चमच्याच्या टोकाएवढंच चाखायचं. मास्तरांनी रंग, चकाकी आणि घट्टपणा बघायचा. काकू पहिल्यांदा “साखर जरा जास्त झालीय, मास्तर” म्हणाल्या, त्या दिवशी मास्तरांचा डबा तसाच परत आला.

पुढच्या तपासणीत वजन पाच किलो उतरलेलं होतं. एसजीपीटी बरंच खाली आलं होतं, पण अजून हद्दीत नव्हतं. चरबी होतीच. “असंच चालू ठेवा, घाई नको,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

त्या रविवारी मेहुणा जेवायला आला. ताटातल्या वाफवलेल्या भाज्या बघून त्याला राहवलं नाही. “काय दाजी, सुटली का एकदाची?”

मास्तर काही बोलायच्या आत मास्तरीणबाईंनी वाढायचा डाव खाली ठेवला. “ते कधीच पीत नव्हते. मी नको तो संशय घेतला, आणि तू त्याला फोडणी दिलीस. आता त्यांच्याकडे नको, स्वतःच्या पोटाकडे बघ. उद्या सकाळी उपाशी ये, तुझंही रक्त तपासून घेऊ.”

“मला काय धाड भरलीय?”

“तेच बघायचंय,” मास्तर म्हणाले आणि भाजीचं भांडं त्याच्याकडे सरकवलं.