लॉरीवरची तिरपी अक्षरं

फळीवरच्या खडूच्या रेघा मी पुन्हा पुन्हा पाहिल्या. उस्तादांच्या हातून असं होईल, हे स्वप्नातही आलं नव्हतं.

निजामाचं राज्य संपवणारी पोलीस ॲक्शन होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. औरंगाबादेतल्या दुकानांवरच्या उर्दू पाट्या उतरत होत्या, मराठी चढत होत्या. पाट्या रंगवण्यात माझ्या उस्तादांचा हात शहरात पहिल्या नंबरचा, पण जन्मभर उर्दूच लिहिलेली. त्यांच्याकडं काम उरलं नव्हतं. मी विशीतला, पाचोडकडच्या धनगराचा पोर, चार वर्षं त्यांच्याकडं ब्रश धरायला शिकलेलो. मराठी अक्षरं मीच त्यांना गिरवून दिली. माझे गुरू माझ्यासमोर 'ग' गिरवत बसायचे आणि मीच ओशाळायचो.

अखेर एक कापसाचा व्यापारी आला. लॉरीच्या कडेच्या फळीवर 'औरंगाबाद – गंगापूर' लिहायचं. पसंत पडलं तर बाकीच्या चार लॉऱ्याही आमच्याच. उस्तादांनी जाड, तिरपं अक्षर ठरवलं. बोरूसारखं जाड-बारीक नाही, टोकांना नखरे नाहीत. रेघ सगळीकडं सारखीच भरदार, म्हणजे धुरळ्यातही लांबून वाचता यावं. तिरपेपणा वेगासाठी.

"हर्फ जिधर जाता, उधरीच झुकता," ते म्हणायचे. अक्षर जिकडं जातं, तिकडंच झुकतं; आणि उर्दू जाते डावीकडं. त्यांचा हात मराठीतही डावीकडंच झुकला. लॉरीचं तोंड उजवीकडं आणि अक्षरं सगळी मागं रेललेली! मी बघत राहिलो. काही न सांगता रंग कालवून दिला. त्यांनी रंग भरला.

दुसऱ्या दिवशी मालकानं पाहिलं. "अवो, ही लॉरी गंगापूरला जायलीय का माघारी यायलीय? अक्षरं तर उताणी पडायलीत!"

हमाल खो खो हसले. उस्तादांना काही कळेना. माझ्याकडं वळून म्हणाले, "क्या हुआ रे?"

मी सांगितलं. त्यांनी फळीवरच्या एका अक्षरावरून बोट फिरवलं. मग हळूच विचारलं, "तेरेकू कल दिखा नै?"

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी ब्रश पुसला, माझ्या हातात दिला आणि मालकाला सांगितलं, "ये लिखेगा. मेरेसे अच्छा लिखता."

 ब्रश मी घेतला. पाचही लॉऱ्या रंगवल्या, अक्षरं उजवीकडं झुकवून. गंगापूरपर्यंत लोकांनी वाखाणली. उस्तादांनी पुन्हा पाटी लिहिली नाही.

आदरापोटी गप्प बसलो, असं मी सगळ्यांना सांगत आलोय. साफ खोटं. त्या दिवशी रंग कालवून त्यांच्या हातात देताना माझ्या मनात आलं होतं, ही चूक राहिली तर काम मला मिळेल. तो विचार माझाच होता, यानं मी तेव्हा हादरलो. अजून हादरतो.