राहीबाईंचा जबाब
फाटा मागं पडून दोन मैल झाले तरी राहीबाई मान खाली घालूनच चालत होत्या. दुपारची एसटी आलीच नाही, म्हणून दोघी पोलीस ठाण्यातून पायीच गावाकडं निघाल्या होत्या. राजेश्वरी गावातली अंगणवाडीची बाई. दोन वर्षं राहीबाईंचे अर्ज तीच लिहीत होती.

राहीबाईंचा जयराज आटपाडी भागातल्या कितीतरी पोरांसारखा सोनं गाळायच्या कामाला बाहेर पडला, तो थेट आखातात गेला. दुकानात चोरीचं सोनं गाळलं गेलं. मालक पळाला आणि जयराजला दहा वर्षांची शिक्षा लागली. चार सरली. दोन्हीकडच्या सरकारांनी हो म्हटलं तर राहिलेली शिक्षा इकडच्या तुरुंगात भोगता येते. तिकडचं हो आलं होतं, इकडचं येईना.

का येईना, ते आज कळलं. साहेब बंदोबस्ताला गेलेले, तेही तिसऱ्यांदा. शेवटी हवालदारानंच फाईल उलटून वाचून दाखवली. आईचा जबाब : मुलाशी कुटुंबाचा संबंध नाही. खाली राहीबाईंचा अंगठा. त्यावरूनच वरच्या कचेरीनं नकार दिला होता, तो कुणी कळवलाच नव्हता. आता जयराजनं तिकडून पुन्हा पहिल्यापासून अर्ज करायचा.

"मावशी, दोन वर्षं मी साहेबाच्या नावानं बोटं मोडली," राजेश्वरी म्हणाली. "एकदा तरी बोलायचं होतं."

"काय बोलू? पोलीस आला तवा माज्या अंकिताला बघाय पाव्हणं बसल्यालं. माज्या हातात पव्ह्याच्या बश्या. त्यो दारातनंच इचारतोय, जयराज तुमचाच का, तुरुंगातनं हिकडं आणला तर तुमी बघशीला का. पाव्हण्यांनी खायाचं थांबवलं. म्हनलं, आमचा काय संबंध न्हाई, त्यो कवाच येगळा निघालाय."

"आणि अंगठा?"

"पदराला हात पुसून दिला. वाटलं, एकदाचा जाऊ दे बाबा हितनं."

"मग, तिथं तरी जमलं का लेकीचं?"

"कुटलं! पोरगी सावळी हाय म्हनं. पवं मातर समदं संपवलं."

राजेश्वरीला हसू आलं आणि त्याचाच राग आला. एवढे अर्ज, एवढे हेलपाटे, सगळे त्या एका वाक्यावर जाऊन आपटत होते, आणि ते वाक्य बोलणारी बाई शेजारून फाटकी चप्पल ओढत चालली होती. राजेश्वरीनं सवयीनं खरसुंडीच्या देवळाच्या दिशेला हात जोडले. सिद्धनाथापाशी काय मागावं, तेच सुचेना.

बांधाशी राहीबाई खाली बसल्या.

"शुक्रवारी त्येचा फोन येतोय. म्या आजवर सरकारच दिरंगाई करतंय म्हनून सांगत आले. त्यो बी बिचारा, आये, तू नगं तरास करून घिऊ, म्हनतोय."

"आता खरं सांगा त्याला."

"तोंडानं न्हाई व्हायचं माज्याच्यानं. तू कागूद लिव. सरकारानं न्हाई, तुज्या आयनं आडवलंय, असं लिव. आन राजेश्वरी, पाव्हण्यांचं त्यात काय घालू नगंस. माजी बाजू घिऊन लिवू नगं."