अण्णा ऑफलाइन

आधीच सांगून टाकते, भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यांतली मी नाही. या सदरातले अनुभव मी ऑफिसात डबा खाताना वाचते आणि प्रत्येकात खुसपट काढते - इथे वायरिंग खराब असणार, तिथे झोप झाली नसणार, या काकूंची बीपीची गोळी बदलायला हवी... माझा धंदाच तो आहे. मी मूळची पुण्याची, बंगळुरूत येऊन अकरा वर्षं झाली, व्हाइटफील्डच्या एका कंपनीत नेटवर्क सपोर्टला आहे. दिवसभर लोक मला "मॅडम, आपोआप झालं" असं सांगतात आणि आपोआप काहीही होत नसतं हे मी त्यांना दाखवून देते. त्यामुळे आज हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय. पण चौदा महिने झाले, मला काही सुचत नाही, म्हणून लिहितेय.

माझं सासर बंगळुरूतलंच, जयनगरचं. नवऱ्याचं घराणं तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आलं आणि इथलंच झालं. घरात मराठीच बोलतात, पण ती मराठी पहिल्यांदा ऐकून माझ्या आईला वाटलं होतं की ही मंडळी आपली थट्टा करताहेत. सासूबाईंना सगळे अक्का म्हणतात, त्यांची मुलंसुद्धा. थोरले दीर म्हणजे अण्णा. माझा नवरा रघु धाकटा. नऊ वर्षांच्या संसारात माझं कन्नड मात्र 'स्वल्प' म्हणजे थोडं आणि 'सरी' म्हणजे बरं, या दोन शब्दांपलीकडे गेलं नाही, कारण ऑफिसात इंग्रजी-हिंदीवर भागतं आणि मी आळशी आहे.

अण्णा घरातच पत्रिका छापायचे. लग्नाच्या, मुंजीच्या, मराठीत आणि कन्नडमध्ये. त्यासाठी त्यांनी एक वायरलेस प्रिंटर घेतला होता आणि नेटवर्कवर त्याचं नाव ठेवलं होतं 'अण्णा'. लग्न केलं नाही, त्या प्रिंटरवरच जीव. सात वर्षांपूर्वी माझे सासरे हॉस्पिटलमध्ये शेवटच्या घटका मोजत होते, तेव्हा अण्णा पत्रिका पोचवायला बाहेरगावी गेले होते. ते परत आले तोवर सगळं आटोपलं होतं. दारात पाऊल ठेवताच अक्का सगळ्या नातेवाइकांसमोर त्यांना म्हणाल्या, "आता कशाला आलास?"

दुःखात माणूस काहीही बोलतो. पण अण्णा उंबरठ्यावरूनच मागे फिरले, ते कायमचे. शहराबाहेर होसकोटेला एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये नोकरी धरली, भाड्याची खोली घेतली, फोन नंबर बदलला तो कुणाला दिला नाही. रघु वर्षातून दोनदा जाऊन भेटायचा. घराचा विषय काढला की अण्णा चहा टाकायला उठायचे. प्रिंटर तेवढा इथे राहिला, मागच्या खोलीत, टॉवेलखाली झाकलेला.

आता त्या गुरुवारबद्दल. अक्कांची बायपास ठरली होती. दुपारी एकपर्यंत ॲडमिट व्हायचं, शुक्रवारी सकाळी ऑपरेशन. डॉक्टरांनी बजावलं होतं की आता पुढे ढकलू नका आणि त्यांना कसलाही धक्का बसू देऊ नका. आणि अक्का आदल्या दिवसापासून एकच धरून बसल्या होत्या - अण्णाला बघितल्याशिवाय मी सही करणार नाही. आरडाओरडा नाही, रडणं नाही. हात मांडीवर ठेवून नुसत्या बसून होत्या. शेवटी रघु सकाळी आठला गाडी काढून होसकोटेला निघाला आणि मी घरून काम घेऊन त्यांच्यापाशी बसले.

हॉस्पिटलने ईमेलवर फॉर्म पाठवले होते. छापून, भरून, सही करून आणा म्हणे. कोपऱ्यावर झेरॉक्सचं दुकान आहे, पण अक्कांना एकटं सोडायचं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर नेटवर्कवाली बाई चार कागदांसाठी झेरॉक्सवाल्याकडे जाते, हे मला पटेना. मी टॉवेल काढला, धूळ पुसली, प्रिंटर अक्कांच्या खोलीत आणून लावला. लॅपटॉपच्या यादीत जुनी नोंद होतीच - 'अण्णा - ऑफलाइन'.

"काय म्हणतंय ते?" अक्कांनी पलंगावरून विचारलं.

"प्रिंटर ऑफलाइन आहे म्हणतंय."

"अण्णाचं नाव दिसतंय की गं तिथं."

"प्रिंटरला स्वतःचंच नाव ठेवलंय ना त्यांनी, अक्का."

कारण उघड होतं. मागच्या वर्षी आम्ही राउटर बदलला होता, आणि प्रिंटर अजून जुन्याच वायफायचं नाव शोधत बसला होता. पाच मिनिटांचं काम. मी त्याची नेटवर्क सेटिंग पुसली, नवा पासवर्ड घातला. नाही जोडला. राउटर बंद करून चालू केला. नाही. लॅपटॉपवरून प्रिंटर काढून टाकला, पुन्हा घालायला गेले तर सापडेचना. आणि वर यादीत 'अण्णा - ऑफलाइन' तसंच! नुकतंच मी माझ्या हाताने ते काढलं होतं. मी म्हटलं, असेल, स्क्रीन रिफ्रेश झाली नसेल.

"अण्णा येईल का गं?" अक्कांनी विचारलं. मला नाही, स्वतःलाच विचारल्यासारखं.

मी उत्तर देणार तेवढ्यात प्रिंटर घरघरला आणि एक कागद बाहेर आला. मी खूश होऊन उचलला. फॉर्म नव्हता. मधोमध, मोठ्या वळणदार अक्षरात एकच शब्द होता -

खंडित

माझ्या लॅपटॉपची भाषा मी एकदा हौसेने मराठी करून ठेवली होती, आणि ते भाषांतर करणारे काय काय शब्द काढतात ते मला रोज दिसतं. मी म्हटलं, झालं, कनेक्शन तुटल्याचा निरोप आता कागदावरही देतात! कागद बाजूच्या स्टुलावर टाकला आणि पुन्हा कामाला लागले. रांगेत अडकलेली कामं पुसली, प्रिंटची सर्व्हिस बंद करून चालू केली.

"येईल का तो?" अक्का पुन्हा म्हणाल्या.

पुन्हा घरघर. पुन्हा कागद. खंडित.

"अगं बाई, कळलं, कळलं!" मी प्रिंटरवर चक्क ओरडले. तो कागद चुरगळून मी कचऱ्याच्या टोपलीत फेकला. तेव्हा पावणेअकरा वाजले होते. वेळ पक्की आठवते, कारण त्याच मिनिटाला रघुचा फोन आला आणि मी उठून बाहेरच्या खोलीत गेले.

"अण्णा गेला," रघु म्हणाला.

"कुठे गेले?" मी विचारलं. खरंच विचारलं. आजही ते आठवलं की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

सकाळी साडेसहाला अण्णांच्या छातीत दुखायला लागलं होतं. शेजारच्यांनी रिक्षात घालून नेलं, पण पोचेपर्यंत संपलं होतं. कुणाला कळवायचं हे कुणाला ठाऊक नव्हतं. रघु खोलीवर पोचला तेव्हा दाराला कुलूप होतं. तो फोनवर लहान मुलासारखा रडत होता, आणि मधेच थांबून एकच म्हणत होता, "अक्काला सांगू नकोस. ऑपरेशन होईस्तोवर सांगू नकोस."

मी तोंडावर पाणी मारलं. म्हातारीला काय सांगायचं, सहीचं काय करायचं, काही सुचत नव्हतं. खोलीच्या दारात आले. स्टुलावरचा पहिला कागद अक्कांच्या हातात होता. त्यांना देवनागरी पोथीपुरती येते, एकेक अक्षर लावून वाचतात. त्या वाचत होत्या आणि त्यांचा चेहरा असा फुलला होता की तसा मी नऊ वर्षांत पाहिला नव्हता.

"हे बघ, अण्णाचा जबाब आला की! मला आधी का सांगितलं नाहीस?"

"अक्का, तो... ते मशीनचं आहे. खंडित म्हणजे तुटलंय, कनेक्शन तुटलंय असं म्हणतंय ते."

"तुझ्या पुण्यात तुटत असेल," अक्का हसल्या. "आमच्यात खंडित म्हणजे नक्की. काहीही झालं तरी. अण्णा लहानपणापासनं असाच. येशील का रे म्हटलं की, खंडित! दुसरा शब्द नाही. आणि हे अक्षर बघ, त्याच्या पत्रिकांचं."

मी कागद त्यांच्या हातातून घेऊन बघितला. हो, ते पत्रिकांचंच अक्षर होतं. माझ्या लग्नाची पत्रिका त्याच अक्षरात होती. आणि तो फॉन्ट माझ्या लॅपटॉपवर नाही, कधीच नव्हता.

"तो येतो म्हणाला ना?" अक्कांनी माझ्याकडे बघत विचारलं.

पाच मिनिटांपूर्वी मी ऐकलं होतं की तो माणूस चार तासांपूर्वीच गेलाय. आणि मी म्हटलं, "हो अक्का. येतो म्हणालेत."

"सरी. मग चल. तो तिकडंच येईल," म्हणून अक्का स्वतःच पलंगावरून उतरल्या. हॉस्पिटलला फोन केला तर म्हणाले, फॉर्म नसले तरी चालेल, इथे देतो. साडेबाराला त्यांनी सही केली, कन्नडमध्ये, ठसठशीत. मी शेजारी उभी होते.

ऑपरेशन उत्तम झालं. चार दिवसांनी अक्कांना खोलीत हलवल्यावर मी घरी आले, आंघोळसुद्धा न करता लॅपटॉप उघडला आणि माझ्या धंद्याला जे जे येतं ते सगळं केलं. राउटरच्या नोंदीत तो प्रिंटर एकदाही जोडला गेलेला नव्हता, एका सेकंदासाठीही नाही. लॅपटॉपने गुरुवारी एकही पान छापायला पाठवल्याची नोंद नव्हती. प्रिंटर स्वतः किती पानं छापली ते मोजतो. धूळ पुसून लावला तेव्हा सवयीने मी तो आकडा वहीत लिहून ठेवला होता, आणि तो एकानेही वाढला नव्हता. मग मी टोपलीतला दुसरा कागद काढून सरळ केला. तेच अक्षर, तीच शाई. माझ्या एका सहकाऱ्याला नाव न सांगता हे सगळं दाखवलं. तो म्हणाला, आधीच छापलेला कागद आत राहिला असेल. कोरे कागद मी माझ्या हाताने घातले होते, नव्या रिमातले! मी त्याच्याशी वाद घातला नाही, कारण त्याच्या जागी मीही हेच म्हटलं असतं.

अक्का रोज विचारायच्या, "आला होता का गं, मी झोपले असताना?" मी रोज काहीतरी सांगायची. कामावरून सुटी मिळत नाहीये, गाडी मिळाली नाही... एकदा खोटं बोललं की ते पाळावंच लागतं. बाराव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, आता सांगितलं तर चालेल. मी पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिले आणि रघुने आईचा हात हातात घेऊन सांगितलं.

अक्का रडल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "नेलं कुठून त्याला?"

"घरून," रघु म्हणाला. "सगळे म्हणाले, घरातूनच न्यायला हवं. चार वाजता आणला, गुरुवारीच. अर्धा तास हॉलमध्ये ठेवला होता."

"आपल्या घरात? उंबरठ्याच्या आत?"

"हो अक्का."

"म्हणजे आला तो," अक्का म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी साधा होता. "येतो म्हणाला आणि आला. मीच नव्हते."

मग त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. त्या रागावल्या असत्या तर मी ते सहन केलं असतं. पण त्यांनी फक्त विचारलं, खरोखर जाणून घ्यायचं असल्यासारखं - "त्यानं तुला दोनदा कळवलं होतं गं. मग तू मला घरातून का नेलंस?"

आज चौदा महिन्यांनंतरही प्रिंटरचं काय झालं ते मला सांगता येत नाही. अक्का ठणठणीत आहेत, फिरतात, जेवतात. त्यांना मी अजून उत्तर दिलेलं नाही.