माशाचा खाण्याजोगा भाग

नाशिकच्या एका कॉलेजात मी प्रयोगशाळा सहायक आहे. गोदावरीत कारखान्यांचे धातू किती उतरतात, ते मोजायचं काम आमच्या विभागाने घेतलं होतं. पाणी रोज बदलतं. मासा मात्र शिसं, कॅडमियम अंगात साठवत जातो. म्हणून मासे तपासायचे. ते आणायची जबाबदारी माझी, कारण आमच्या सरांना मासळीचा वास सोसत नाही.

शहराच्या खालच्या अंगाला, नाला नदीला मिळतो त्याच्या पुढे, पुलापाशी एक मावशी मासे विकायची. जाळं तिचा नवरा टाकायचा. पहिल्या खेपेला मी फोन करून चार चिलापी ठेवायला सांगितल्या. जाऊन बघते तर खवले काढलेले, पोटं साफ, डोकी छाटलेली. कॉलेजचं गिऱ्हाईक म्हणून तिने जास्तच निगुतीने काम केलं होतं. धातू साठतात ते मुख्यतः काळजात, म्हणजे यकृतात, आणि कल्ल्यांत. मी कपाळाला हात लावला.

"घाण कशाला न्यायची, ताई?"

"मावशी, मला घाणच पाहिजे."

तिची हसून मुरकुंडी वळली. पुढे दर महिन्याला ती माझ्यासाठी अख्खे मासे राखून ठेवू लागली. प्रत्येक वेळी एकच विचारायची, "लोकं मासे घ्यायचे बंद नाय ना करनार?"

निकाल आले. मांस मर्यादेच्या आत, काळजात शिसं आणि कॅडमियम बरंच वर. 'खाण्याजोगा भाग सुरक्षित' हे अहवालातलं वाक्य मीच टाइप केलं. मग दुरुस्त्या, सह्या, बाइंडिंग. सगळं उरकल्यावर मावशीला सांगायला गेले.

"गिऱ्हाइकाला मांस द्यायला हरकत नाही," मी म्हणाले. तिने मोठा सुस्कारा सोडला. मलाही बरं वाटलं.

मावशीच्या मागे तिची मुलगी बसली होती, बाळंतपणाला माहेरी आलेली. कापलेल्या माशांची डोकी आणि काळजं ती पातेल्यात गोळा करत होती.

"हे फेकत नाही?"

"फेकायचं कशाला?" मावशी म्हणाली. "मांस गिऱ्हाइकाला, हे आमाला. पोटुशीला तर लय चांगलं, रगात वाढतं. रोज कालवन करते तिला."

इतके महिने मी तिथे जात होते. घाण कुठे जाते, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. माझी मला लाज वाटली. जे होतं ते मी तिथेच सांगून टाकलं: काळजात काय साठतं, पोटातल्या बाळाला ते का वाईट. मुलीने पातेलं बाजूला सरकवलं.

"माहेरी कधी आलीस?" मी मुलीला विचारलं.

"पंधरा दिवस झाले."

निकाल माझ्या टेबलावर येऊन महिना झाला होता.